टेक्सासची रहिवासी ठरताना

टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांत फीचे दोन दर असतात. राज्याच्या रहिवाशासाठी मूळ ट्यूशन कायद्यानेच ठरवून दिली आहे, क्रेडिट अवरला (अभ्यासक्रम मोजायचं एकक) ५० डॉलर. बाहेरच्यासाठीचा दर राज्याचं उच्च शिक्षण समन्वय मंडळ दरवर्षी काढतं. टेक्सास सोडून सर्वाधिक लोकसंख्येच्या पाच राज्यांत बाहेरच्या विद्यार्थ्याला किती पडतं, त्याची ती सरासरी असते. दोन्हींवर विद्यापीठाची स्वतःची ट्यूशन आणि इतर शुल्कं चढतात. मला हव्या असलेल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या एम.एस.ला सगळं धरून बाहेरच्याची फी रहिवाशाच्या जवळपास दुप्पट होत होती. एका पगारावर चालणाऱ्या आमच्या घराला पहिला आकडा झेपणारा होता, दुसरा अजिबात नाही. प्रवेश मिळेल याची मला बऱ्यापैकी खात्री होती. विद्यापीठ मला टेक्सासची मानेल का, यावर सगळं अडलं होतं.

मी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बी.ई. केलं, तेव्हा डोमिसाइलचा दाखला काढला होता. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवायचं, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड जोडायचं, सेतू केंद्रात अर्ज द्यायचा, आणि तहसील कार्यालयाचा शिक्का असलेला एक कागद हातात पडतो. पुढे कुठल्याही कॉलेजात तो दाखवला की विषय संपला. टेक्सासमध्ये असा दाखला देणारं कार्यालयच नाही. समन्वय मंडळाचे नियम सगळ्यांना सारखे, पण त्या नियमांत तुम्ही बसता की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः तपासतं, तुमचे कागद स्वतः वाचतं. वर्षांची अट मात्र इथे खूपच कमी आहे. सत्राच्या ‘सेन्सस डेट’च्या आधी सलग बारा महिने राज्यात वास्तव्य हवं, आणि इथेच घर केलंय हे दाखवणारा आधार हवा. सेन्सस डेट म्हणजे फॉल (ऑगस्टपासूनच्या) आणि स्प्रिंग (जानेवारीपासूनच्या) सत्रात सुट्ट्या सोडून वर्ग भरण्याचा बारावा दिवस.

मी एच-4 व्हिसावर आहे, म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याची बायको. एच-4 वर पूर्णवेळ शिकता येतं, त्यासाठी एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागत नाही. हे आपल्यातल्या कितीतरी मुलींना ठाऊक नसतं. शिवाय टेक्सासच्या नियमांत कोणत्या व्हिसाधारकांना इथे डोमिसाइल मिळवता येतं त्याची यादी आहे. त्यात एच-1बी आणि त्याच्यावर अवलंबून असलेला एच-4 आहे, एफ-1 नाही. एफ-1 घेतला असता तर कॅम्पसवर काम करता आलं असतं, डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे काही काळ नोकरी करायची परवानगी, मिळाली असती. एवढंच काय, विषयाशी संबंधित टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटचं अर्धवेळ काम मिळालं तर टेक्सासचा कायदा अशा विद्यार्थ्यालाही रहिवाशाचाच दर लावतो. पण ते काम मिळेलच याची हमी कोण देणार? न मिळालं तर दुप्पट फी आणि पहिल्या सत्रातच घरी बसायची वेळ. एच-4 वर राहिलं तर फी आटोक्यात, पण एक डॉलरही कमावता येणार नाही. नवऱ्याचं आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर झालं की एच-4 वाल्यांना कामाचा परवाना मागता येतो, तो रस्ता २०१५ पासून उघडा आहे, पण आमचं आय-140 अजून व्हायचं होतं. बराच काथ्याकूट करून मी एच-4 वरच राहायचं ठरवलं. आजही तो निर्णय मला पटतो.

जुलै २०२४ मध्ये आम्ही न्यू जर्सीहून डॅलसजवळच्या आयर्व्हिंगला आलो, नवऱ्याचं काम इकडे हललं म्हणून. माझा अर्ज आधी स्प्रिंग २०२५ साठी होता. जानेवारीत वर्ग सुरू झाले असते, तेव्हा राज्यात येऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणजे पूर्ण फी. मी विभागाला ईमेल करून प्रवेश फॉलवर ढकलून घेतला. फॉल २०२५ चे वर्ग २५ ऑगस्टला सुरू होणार होते. शनिवार-रविवार आणि लेबर डेची सुट्टी सोडून बारावा दिवस १० सप्टेंबरला येत होता. आता मला सिद्ध करायचं होतं की १० सप्टेंबर २०२४ च्या आधीपासून मी टेक्सासमध्ये आहे.

अर्जातच ‘कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स’ असतात. गेल्या पाच वर्षांत राज्यात आला असाल तर का आलात, हा त्यातला कळीचा प्रश्न. टेक्सासमध्ये येण्यामागचा पहिला हेतू पूर्णवेळ शिक्षण असेल, तर इथे घर करायचा तुमचा इरादा नाही असं नियम गृहीत धरतात. आमच्या बाबतीत कारण नोकरीचं होतं, तेच लिहिलं. मग पुढचे प्रश्न. तुमच्या नावावर राज्यात राहतं घर आहे का? नाही. तुमचा इथे व्यवसाय आहे का, तो तुम्ही स्वतः सांभाळता का? नाही. गेले बारा महिने तुम्ही नोकरी करता का? नाही, व्हिसाच करू देत नाही. समाजसेवी संस्थेकडून तुमचा निर्वाह चालतो का? नाही. आणि त्याखाली: वरच्यापैकी एखाद्या प्रश्नाला ‘हो’ म्हणू शकेल अशा व्यक्तीशी तुमचं लग्न झालं आहे का, आणि ते किती काळापासून?

हा प्रश्न वाचून मी लॅपटॉप मिटवला आणि उठले. साताऱ्यात मी तीन वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामांची अंदाजपत्रकं केली होती, टाक्यांच्या स्लॅबवर उभी राहून काँक्रीट ओतून घेतलं होतं. माझं पीएफचं खातं होतं, माझ्या सहीने बिलं निघत होती. इथे माझ्या प्रत्येक ‘नाही’ला तारणारा एकच ‘हो’ होता आणि तो नवऱ्याचा होता. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण संध्याकाळपर्यंत दुसरी बाजूही दिसायला लागली. ज्या बाईला कमवायची परवानगीच नाही तिला कमाईच्या अटीवर बाहेर ठेवायचं नाही, एवढी जाण या नियमात आहे. लग्नाची ही वाट नसती तर एच-4 वरच्या बायकांना ही विद्यापीठं परवडलीच नसती. मी ‘हो’ भरलं. अर्जाच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ अशी मोकळी जागा असते. तिथे आम्ही कधी आलो, का आलो, आणि मी नोकरी का करत नाही, हे सरळ चार वाक्यांत लिहिलं.

मग विद्यापीठाकडून कागदांची यादी आली. तिचे दोन भाग असतात. पहिल्यात डोमिसाइलचा आधार: माझ्या बाबतीत लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या नोकरीचा पुरावा. दुसऱ्यात सलग वास्तव्याचा पुरावा: भाडेकरार, विजेची-पाण्याची बिलं, बँक स्टेटमेंट, लायसन्स वगैरे.

नवऱ्याचे कागद सोपे जातील असं वाटलं होतं. त्याची कंपनी न्यू जर्सीची, काम क्लायंटचं आयर्व्हिंगमध्ये. कंपनीच्या एचआरने दिलेल्या पत्रावर वर न्यू जर्सीचा पत्ता, खाली रुजू झाल्याची तारीख आणि पद. कामाचं ठिकाण कुठेच नाही. वेगळं पत्र द्या म्हटलं तर ठराविक मजकुराखेरीज काही देता येत नाही, असं उत्तर. मग आम्ही डब्ल्यू-2 काढला, वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद. इतर राज्यांत त्यावर राज्याचा आयकर दिसतो, आणि राज्याचं टॅक्स रिटर्न हा रहिवासाचा मोठा पुरावा धरला जातो. टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीची ओळ भरलेली, आणि टेक्सासच्या सहा महिन्यांबद्दल कागद गप्प. वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस न्यू जर्सीतच राहतो.

मार्ग निघाला तो एच-1बीच्याच कागदांतून. कामाचं ठिकाण एका महानगर परिसरातून दुसऱ्यात गेलं की कंपनीला सुधारित पिटिशन करावं लागतं आणि त्यासाठी कामगार खात्याकडून नवीन एलसीए, म्हणजे कामाची जागा आणि पगार नोंदवणारा अर्ज, प्रमाणित करून घ्यावा लागतो. त्या एलसीएवर कामाच्या जागेचा पूर्ण पत्ता असतो, आणि त्याची प्रत कर्मचाऱ्याला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. नवऱ्याच्या ईमेलमध्ये ती पीडीएफ पडून होती. आयर्व्हिंगचा पत्ता, पिनकोड, काउंटीचं नाव, जुलै २०२४ पासूनचा कालावधी, सगळं छापील. सोबत पगाराच्या स्लिपा जोडल्या, ज्यांवर घरचा पत्ता टेक्सासचा होता. विद्यापीठातल्या बाईंनी तो एलसीए पाहिला आणि नोकरीबद्दल पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. कन्सल्टिंग कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या बायकांना माझं हे आवर्जून सांगणं आहे, एचआरच्या पत्रात वेळ घालवण्याआधी एलसीए शोधा.

माझा स्वतःचा पुरावा जमवणं त्याहून अवघड गेलं. घर भाड्याने घेताना नवऱ्याने सही केली होती, कारण पगार त्याचा. टेक्सासच्या भाडेकरारांत सही करणारे ‘रेसिडेंट’ वेगळे आणि सोबत राहणारे ‘ऑक्युपंट’ वेगळे लिहिलेले असतात. माझं नाव दुसऱ्या रकान्यात होतं. वीज, इंटरनेट, गाडीचा विमा, सगळं त्याच्या नावावर. माझं टेक्सासचं लायसन्स होतं, न्यू जर्सीचं जमा करून घेतलेलं, पण त्यावरची तारीख ऑक्टोबर २०२४ ची. म्हणजे सप्टेंबरच्या रेषेच्या अलीकडची. रेषेच्या पलीकडे मी इथे होते हे दाखवणारं काय आहे?

आम्हा दोघांचं जोडखातं होतं. बँकेच्या स्टेटमेंटवर कार्डाचे शेवटचे चार आकडे येतात आणि दोघांची कार्डं वेगळी. ऑगस्ट २०२४ चं स्टेटमेंट छापलं आणि पिवळं मार्कर घेऊन बसले. माझ्या कार्डाच्या ओळी एकेक करून रंगवल्या. आयर्व्हिंगमधलं इंडियन ग्रोसरी, दूध, पेट्रोल, औषधाचं दुकान, नव्या घरासाठी घेतलेले पडदे आणि कढई, परत ग्रोसरी, लाँड्रीचं कार्ड भरलेलं. महिन्यातला एकही आठवडा मोकळा नव्हता. नवऱ्याच्या कार्डावर त्या महिन्यात दुपारच्या जेवणाखेरीज फारसं काही नव्हतं. घर कोण लावत होतं, कोण चालवत होतं, ते त्या कागदावर तारखांसकट उभं होतं. ज्या कामाची कुठे नोंद होत नाही असं मला वर्षभर वाटत होतं, त्याची नोंद बँक करत होती. मी बारा महिन्यांची स्टेटमेंट्स तशीच रंगवून दिली.

त्यातही नावाची गाठ होतीच. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि माझ्या नावापुढे वडिलांचं नाव. इथल्या यंत्रणेत ते दोन्ही मिळून पहिलं नाव झालं, तसंच लायसन्सवर छापलं गेलं. बँकेत नुसतं माझं नाव आणि माहेरचं आडनाव. आरोग्यविम्याच्या कागदांवर कंपनीने नवऱ्याचं आडनाव लावून टाकलेलं. आपल्याकडे एका बाईची अशी तीन नावं असणं कुणाला खटकत नाही. इथे तपासणारीला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. तिघी एकच आहेत हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे लग्नाचा दाखला, विवाह नोंदणीच्या १९९८ च्या कायद्याखालचा आपला तो नमुना ‘इ’. त्यातला छापील मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो म्हणून मी निर्धास्त होते. सासऱ्यांना मूळ दाखल्याचा स्कॅन पाठवायला सांगितला, तर त्यांचा फोन आला.

“अगं, इंग्रजीच्या रकान्यातपण ग्रामसेवकांनी मराठीतच लिहिलंय. चालंल का तिकडं?”

“नाही चालणार बाबा. पण तुम्ही काढा फोटो, मी बघते.”

“नवीन काढून आणू का? उद्याच जातो पंचायतीत.”

ते खरंच गेले असते, गुडघे दुखत असताना. मीच थांबवलं. इथे प्रमाणित भाषांतर चालतं. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने भाषांतर करायचं, ते अचूक असल्याचं लिहून द्यायचं, खाली सही आणि तारीख. स्वतःचं स्वतः करू नये. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी ते करून दिलं, पैसे विचारले तर रागावले. सोबत मी एक प्रतिज्ञापत्र जोडलं, माझी तिन्ही रूपांतली नावं आणि ती कुठल्या कागदावर आहेत ते लिहून, नोटरीसमोर सही करून. ते कुणी मागितलं नव्हतं, पण त्यानंतर नावावरून एकही शंका निघाली नाही.

सगळे कागद मे २०२५ मध्ये दिले आणि उत्तराची वाट पाहत असताना ४ जूनची बातमी आली. टेक्सासने २००१ मध्ये एक कायदा केला होता, गव्हर्नर रिक पेरींच्या सहीचा. कायदेशीर स्थलांतराचे कागद नसलेली मुलंही इथल्या हायस्कूलमधून पास झाली असतील, काही वर्षं इथे राहिली असतील आणि कायम रहिवासासाठी अर्ज करण्याची लेखी हमी देत असतील, तर त्यांना राज्याच्या दराने शिकता येत होतं. असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत टेक्सास होतं. केंद्राच्या न्याय विभागाने ४ जूनला त्याविरुद्ध खटला भरला, राज्य सरकारने त्याच दिवशी केंद्राचं म्हणणं मान्य केलं, आणि न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी त्याच दिवशी त्या मुलांपुरता हा कायदा थांबवला. चोवीस वर्षं चाललेली सोय एका दिवसात गेली.

निकाल कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांबद्दल होता, माझ्यासारखीला त्याची झळ बसायची नव्हती. तरी पोटात गोळा आला. विद्यापीठाने माझ्याकडून आय-797 (एच-4 मंजूर झाल्याची नोटीस) आणि त्याला खाली जोडलेली आय-94 (कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) पुन्हा मागवली, वास्तव्य कायदेशीर आहे हे पाहायला. ती माझ्याकडे होती, तासाभरात पाठवली. पण त्या उन्हाळ्यात सगळंच संथ झालं. ऑगस्ट आला, बाहेरच्यांच्या दराचं बिल पोर्टलवर लागलं, पहिला हप्ता भरायची तारीख जवळ आली, आणि माझ्या नावापुढे अजून ‘तपासणी चालू’.

मी कार्यालयात समक्ष गेले. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, एकोणीस-वीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मेक्सिकोहून तीन वर्षांची असताना आलेली. डॅलसमध्येच बालवाडी, शाळा, हायस्कूल. पहिल्या वर्षी राज्याच्या दराने शिकली, आता बाहेरच्यांचा दर लागणार होता. ती हप्ते आणखी पाडून मिळतात का विचारायला आली होती. आवाज अगदी शांत. मला म्हणाली, तुझं होईल, तुझ्याकडे कागद आहेत.

माझं झालं. ऑगस्टच्या अखेरीस ‘टेक्सास रेसिडेंट’ असा ईमेल आला आणि दोन दिवसांत बिलातली बाहेरच्यांची रक्कम निघून गेली. मी खूप रडले, आनंदाने. बाबांना फोन केला, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण त्या बाकावरचा हिशोब मला आजही लागत नाही. मला या राज्यात येऊन तेरा-चौदा महिने झाले होते. तिचं सगळं आयुष्य इथे गेलं होतं, तिला इंग्रजी टेक्सासच्या हेलाने येत होतं, तिची आई याच गावात लोकांची घरं साफ करून विक्रीकर भरत होती. घर कुठे आहे याचाच पुरावा मागायचा असेल, तर तो तिच्याकडे माझ्या कितीतरी पट होता. सप्टेंबरमध्ये ती मला कॅम्पसवर दिसली नाही. तिचा नंबर मी घेतला नव्हता.

आता पहिलं सत्र चालू आहे. पाण्याच्या शुद्धीकरणाचा विषय घेतलाय, प्रयोगशाळेत हात चालायला लागलेत. विद्यापीठाने एकदा रहिवासी ठरवलं की पुढच्या सत्रांना पुन्हा सगळं दाखवावं लागत नाही, पण माझी फाइल मी बंद केलेली नाही. भाडेकराराचं नूतनीकरण झालं तेव्हा मी सही करणाऱ्यांत नाव घातलं. विजेचं खातं माझ्या नावावर करून घेतलं.

आमच्याच अपार्टमेंटमध्ये अकोल्याची एक मुलगी ऑगस्टमध्ये राहायला आली आहे, एच-4 वर, फार्मसी शिकलेली. तिला फॉल २०२६ ला प्रवेश घ्यायचा आहे. “ताई, अजून वर्ष आहे की,” म्हणाली. मी तिला तारखा मोजून दाखवल्या: तिला सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्याआधीचा, तिच्या स्वतःच्या नावाचा कागद लागेल. घरातलं सगळं नवऱ्याच्या नावावर आहे. परवा आम्ही दोघींनी मिळून तिचे ईमेल आणि कपाटातली पाकिटं धुंडाळली. आल्या-आल्या घेतलेल्या फोनचं पहिलं बिल तिच्या नावावर निघालं, २२ ऑगस्टचं, आयर्व्हिंगच्या पत्त्यावर. ते फाइलला लावलं. या आठवड्यात तिचं नाव भाडेकरारात घालायला ऑफिसात जायचं आहे.